स्टुडबेकरचं चाक आणि अथणीचं गिऱ्हाईक

"अथणीची चाकं झाली, आता अमेरिकेचं चाक. आणि माझ्या पाटाचा पाय दिवाळीपासनं डुगडुगतोय, त्यो काय कुणाला दिसत न्हाई."

आई हे माझ्या कानाशी पुटपुटत होती. ऐकवायचं होतं आप्पांना, पण वेणी माझी घालत होती, त्यामुळे प्रत्येक शब्दाचा हिसका मला बसत होता. मी एकोणीस वर्षांची होते. माझी वेणी मला घालता येत होती. पण आईला कुणाचाही राग आला की ती फणी घेऊन माझ्यामागे येऊन बसायची.

आप्पा अंगणात होते. मिरजेहून टेम्पोनं आलेलं एक चाक कडुलिंबाला टेकवून ठेवलं होतं आणि त्याच्यासमोर मांडी घालून ते सकाळपासून बसले होते. चहा निवून त्यावर साय धरली होती. अधूनमधून एक बोट पुढं करून ते चाकाला लावत आणि मागं घेत, ताप बघितल्यासारखं.

ते अठ्ठ्याऐंशी साल. आमचं गाव आरवाडी, मिरजेपासून दहा-बारा मैलांवर. आप्पा बैलगाडीची चाकं करायचे. त्यांचे वडील तेच करायचे, आणि त्यांच्या मागचे कोण काय करायचे हे कुणी विचारत नसे, कारण उत्तर तेच असणार.

चाक मिरजेच्या नरगुंदे डॉक्टरांचं. त्यांच्या वडिलांची जुनी अमेरिकन मोटार होती, स्टुडबेकर, सत्तावीस सालची. त्या मोटारीतून डॉक्टरांच्या आई नवी नवरी म्हणून मिरजेत आल्या होत्या. येत्या रविवारी त्यांची पंचाहत्तरी होती आणि डॉक्टरांना त्यांना त्याच मोटारीतून नरसोबाच्या वाडीला न्यायचं होतं. इंजिन कुणीतरी चालू करून दिलं होतं. तीन चाकं धड होती. चौथं हे.

"सगळे मेकॅनिक पालथे घातले, आप्पा," डॉक्टर म्हणाले होते. "ते म्हणतात, मोटारीचं चाक लाकडाचं असतं हेच आम्ही पहिल्यांदा बघतोय. बारा आऱ्यांतले सात पोखरलेत. बोटानं दाबलं की पीठ निघतं."

चाकाची कड लोखंडी होती, मधली थाळी लोखंडी होती, आणि त्या दोघींच्या मधले आरे लाकडाचे. आमच्या बैलगाडीला असतात तसेच, फक्त नाजूक. वर टायर बसायचा.

दुपारी आप्पांनी माझ्या भावाला हाक मारली. "दिनकर, हिकडं ये. आणि इंदे, तू बी."

दादा वेल्डिंगचा चष्मा कपाळावर ठेवून आला. त्यानं सांगलीला आयटीआय केलं होतं आणि घराच्या मागच्या बाजूला लोकांचे नांगर, दारं, पाण्याच्या टाक्या जोडून द्यायचा.

"ह्या आऱ्याची नस बघ," आप्पा म्हणाले. "लाकडाची रेघ कुठनं कुठं जाती ती बघ. आता ह्याची. आता त्या पलीकडच्याची."

"सारखीच हाय की."

"सगळ्या बाराची सारखी हाय. वजन येतंय त्या बाजूला नस उभी. हे मला माझ्या बापानं मार देऊन शिकवलंय." त्यांनी आऱ्यावर तळवा ठेवला. "डॉक्टर म्हणत्यात, कारखान्यात यंत्रावर केलंय. यंत्राला नस कुठली कळायला? त्या यंत्राला कुणीतरी शिकवलंय. मोटारवाला न्हवं ह्यो. ह्यो गाडा करणारा माणूस हाय. गाडा करता करता हिकडं आलाय."

दादा हसला. "आप्पा, अमेरिकेत कुठला गाडा?"

"मला काय म्हाईत. मी लाकडाचं सांगतोय."

मी मात्र हसले नाही. सात समुद्रांपलीकडचा, साठ वर्षांपूर्वीचा कुणी माणूस आमच्या अंगणात येऊन बसल्यासारखं मला वाटलं.

आता अथणीच्या चाकांचं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

अंगणाच्या एका अंगाला आमची मोठी छपरी होती. तिच्यात अकरा जोड चाकं उभी होती, बाभळीची, तेल पाजलेली, धाव चढवलेली. धाव म्हणजे चाकाच्या कडेवर तापवून बसवतात ती लोखंडी पट्टी. ही बावीस चाकं कर्नाटकातल्या अथणीच्या मलगोंडा नावाच्या गिऱ्हाईकाची होती. तीन वर्षांपूर्वी आप्पा एकदा बाजारहून आले आणि म्हणाले, अथणीच्या मलगोंडानं चाकं सांगितलीत. तेव्हापासून आप्पा ती करत होते. मलगोंडा न्यायला येणारच होता, पण आधी त्याच्या मुलीचं लग्न निघालं, मग त्याचा पाय मोडला, मग त्याच्या विहिरीला पाणी लागलं आणि तो त्या गडबडीत अडकला. आई दर दोन महिन्यांनी विचारायची, "मलगोंडाचा काय सांगावा?" आप्पा म्हणायचे, "पावसाळा सरू दे म्हणालाय." आई म्हणायची, "बरोबर हाय. पावसात कुठं न्यायची."

आदल्या वर्षी दादा काही कामानं अथणीला जाऊन आला होता. आल्यावर तो जेवला नाही. आईनं त्याच्याकडे बघितलं, त्यानं आईकडे बघितलं, आणि आईनं त्याचं ताट झाकून ठेवलं.

आणि त्या आठवड्यात नेमकी छपरीची गरज होती. सांगलीच्या कदम नावाच्या माणसाचा ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या करायचा धंदा होता. त्याला दादाचं काम आवडलं होतं. छपरीची जागा मिळाली तर तो इथं ट्रॉल्यांचं काम टाकणार होता, दादाच्या भागीत. रविवारपर्यंत त्याला होय-नाही हवं होतं, नाहीतर दुसऱ्या गावात एक जागा त्यानं बघून ठेवली होती. दादाचं लग्न ठरत नव्हतं ते याच कारणानं, की पोरगा करतो काय, याला धड उत्तर नव्हतं. दादा आप्पांना छपरीबद्दल विचारायला चार वेळा गेला, आणि चारही वेळा चाकांकडे बघून परत आला.

डॉक्टर चाकाबरोबर एक पुस्तक ठेवून गेले होते. कंपनीला शंभर वर्षं झाली तेव्हा, बावन्न साली छापलेलं, कंपनीचा इतिहास सांगणारं. डॉक्टरांचे काका तेव्हा अमेरिकेत शिकत होते, त्यांनी पाठवलेलं. "ह्यात चाकांची चित्रं आहेत, उपयोग होतोय का बघा."

आप्पांनी ते माझ्या हातात दिलं. "वाच."

माझी शाळा सातवीला सुटली होती. पुढचं इंग्रजी मी एका रिटायर झालेल्या गुरुजींच्या डिक्शनरीवर शिकले होते. तिची टी अक्षरापुढची पानं उंदरांनी खाल्ली होती. इंग्रजीत गाडा, चाक, लाकूड, युद्ध, काम, हे सगळे शब्द डब्ल्यूनं सुरू होतात. म्हणजे त्या पुस्तकाला लागणारा जवळजवळ सगळा ऐवज उंदरांच्या पोटात गेलेला. पण चित्रं होती. चित्रात गाडा दिसला की मी म्हणायचे गाडा.

रोज दुपारी आप्पा कडुलिंबाखाली माझ्याकडे पाठ करून बसत, आरा तासत, आणि मी मागं पायरीवर बसून वाचत असे. गुळगुळीत, कडक कागद होता तो. पान उलटलं की खळ्ळकन आवाज व्हायचा.

"पाच भाऊ होते, आप्पा. बाप लोहारकाम करायचा आणि गाडे करायचा."

तासणी थांबली. आप्पा वळले नाहीत. "मोटारी न्हाईत?"

"मोटार तेव्हा जगातच नव्हती. अठराशे बावन्न सालची गोष्ट आहे. दोघा भावांनी भाता टाकला. घोड्यांना नाल मारायचे, गाडे करायचे."

"दिनकर!" आप्पांनी घराच्या मागच्या बाजूला हाक घातली. "ए दिनकर! लोहार हुते! गाडंवालं हुते! मी काय म्हणलो हुतो?"

आई दारात आली. तिच्या हाताला पीठ होतं. "कोण लोहार?"

"ही मोटारवाली. आपल्यातलीच निघाली."

"मग जेवायला बोलवा," आई म्हणाली आणि आत गेली. पण थोड्या वेळानं तांदूळ निवडायचं सूप घेऊन उंबऱ्यावर येऊन बसली.

मंगळवारी एक भाऊ सोनं शोधायला कॅलिफोर्नियात गेला. तिथं सोन्याच्या खाणी लागल्या होत्या आणि सगळी दुनिया खणायला धावत होती. हा पठ्ठ्या तिथं पोचला आणि त्यानं एक दिवससुद्धा खणलं नाही. खणणाऱ्यांना माती वाहायला एका चाकाच्या ढकलगाड्या करून दिल्या. पाच वर्षं तेच केलं, आणि जे मिळालं ते घेऊन भावांकडे परत आला.

आप्पा इतके हसले की तासणी खाली ठेवावी लागली. "सोन्यात जाऊन बी चाकच केलं! चाक करणाऱ्याला दुसरं काय सुचतंय व्हय!"

"त्याला हे कळलं, की खणणारा येईल-जाईल, ढकलगाडी सगळ्यांना लागंल," दादा म्हणाला. तोही आता कामं सोडून येऊन बसत होता. "हुशार माणूस."

बुधवारी युद्ध झालं आणि फौजेला गाडे पुरवले. मग कारखाना जळाला. पुन्हा उभा केला, दोन वर्षांत पुन्हा जळाला, पुन्हा उभा केला, आणि पुढं जगातला सगळ्यात मोठा गाड्यांचा कारखाना झाला. मी चित्र दाखवलं. चिमण्याच चिमण्या, आणि मैदानभर चाकांच्या राशी.

आप्पांनी पुस्तक हातात घेतलं, लांब धरलं, जवळ धरलं. मग हळूच म्हणाले, "एवढ्या चाकांना धाव चढवायची म्हंजे शेणी किती लागत असतील गं?"

मी शेणींवर कधी विचार केला नव्हता. त्या क्षणी मला मैलभर लांब आगटी दिसली, आणि तिच्याभोवती आप्पांसारखी हजारो माणसं, कपाळावर राख असलेली.

"आणि म्होरं?" आप्पा म्हणाले.

पुढं पाचांतले चौघे वारले. राहिलेल्याच्या डोळ्यांदेखत मोटारी सुरू झाल्या. पहिली विजेवरची, मग पेट्रोलची. एका दाराला गाडे, दुसऱ्या दाराला मोटारी, असं बरीच वर्षं चाललं. आणि एकोणीसशे वीसच्या सुमाराला गाडे बंद केले. मोटारीच राहिल्या.

"बघा," दादा म्हणाला. त्यानं ते पाठ केल्यासारखं म्हटलं, कारण हे वाक्य तो गेले दोन दिवस घोळवत होता. "शहाणी माणसं. गाड्याचं सरलं हे वळखलं, दुसरं धरलं. म्हणून टिकली. चाक चाकच राहिलं आप्पा, फकस्त..."

"तांदळात खडे लई हाईत बाई," आई मोठ्यानं म्हणाली.

आप्पांनी आऱ्यावर फुंकर मारली. भुसा उडाला. "टिकली म्हणतोस," ते म्हणाले. "बरोबर हाय. टिकली." आणि छपरीकडे एकदा बघून पुन्हा तासायला लागले.

मी बारा वर्षांची असल्यापासून आप्पांचा चेहरा वाचत आले होते, कारण तेव्हा दुसरं वाचायला काही नव्हतं. आप्पा विरघळत होते. तो पुस्तकातला कारखाना जे करून जगला, ते आपल्यालाही जमेल असं त्यांच्या मनात यायला लागलं होतं.

गुरुवारी डॉक्टर चाक बघायला आले. आप्पा आत लाकूड आणायला गेले होते. मी मोठ्या दिमाखात विचारलं, "डॉक्टर, ते आता कुठल्या मोटारी करतात हो?"

"कोण?"

"स्टुडबेकरवाले. पुस्तक बावन्न सालीच संपतंय."

"अगं, ती कंपनी कधीच बंद पडली. त्रेसष्टच्या डिसेंबरात तिथला मोठा कारखाना बंद झाला. मग दोन-सव्वादोन वर्षं कॅनडात काय थोड्या गाड्या काढल्या तेवढ्याच. सहासष्टला संपलं. त्या नावाची मोटार आता कुणी करत नाही." माझा चेहरा बघून ते थांबले. "का गं?"

"आप्पांना सांगू नका."

ते चष्मा पुसायला लागले. "मी कशाला सांगतोय, बाई. मला रविवारपर्यंत चाक हवंय."

शुक्रवारी दुपारी पुस्तकाचं शेवटचं पान आलं. त्यावर एक जुना गाडा आणि एक नवी मोटार समोरासमोर उभी होती आणि खाली लिहिलं होतं की ही तर सुरुवात आहे.

"म्होरं?" आप्पा पाठमोरे म्हणाले.

दादा माझ्याकडे बघत होता. त्याची छपरी, त्याचं लग्न, सगळं त्या 'म्होरं'मध्ये होतं. कंपनी मेली म्हणून सांगावं तर दादाचा आधार जातो. न सांगावं तर आप्पा एका मेलेल्या माणसाच्या भरवशावर हातातलं सोडतात. मी खाली मान घालून पुस्तकात बघितलं, आणि वाचायला लागले.

त्या दिवशी मी काय काय वाचलं! मी कंपनीला तीन नवे कारखाने काढून दिले. नातवांना कामाला लावलं. एका नातवाला मी परदेशी पाठवून परत आणलं. आणि मग, का कोण जाणे, मी म्हणाले, "आणि त्या सगळ्या कारखान्याच्या एका कोपऱ्यात एक म्हातारा अजून लाकडी चाकं करतो. मालकांनी सांगून ठेवलंय, की सगळं बदला, पण त्याच्या कोपऱ्याला हात लावायचा नाही."

तासणीचा आवाज मंदावला.

"त्याची चाकं कोण घेतंय?"

"ते... लिहिलेलं नाही."

"नाव काय त्याचं?"

"नाव दिलं नाही, आप्पा."

"नसंल दिलं," आप्पा म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, "चांगली माणसं हाईत."

दादानं उठून माझ्या पाठीवर हात ठेवला आणि तो आपल्या कामाला गेला. त्याला वाटलं, मी खरंच वाचते आहे. शाळा सोडल्यापासून मला इतकी लाज कधी वाटली नव्हती, आणि खरं सांगायचं तर इतकी मजाही.

शनिवारी सकाळी धाव.

म्हणजे मोटारीच्या चाकाला धाव नसते, पण आप्पांनी तसंच करायचं ठरवलं होतं. सात नवे आरे, पाच जुने. बारांची टोकं लोखंडी कड्याच्या भोकांत जायची आणि बुंधे मध्यभागी एकमेकांत पाचरीसारखे घट्ट बसायचे. गार कड्यात ते बसेनात. जरा मोकळे ठेवावेत तर चाक खिळखिळं झालं असतं. तर कडं तापवायचं, म्हणजे ते फुगतं, मग आरे एका दमात बसवायचे आणि पाणी मारायचं, की ते आवळून धरतं. बैलगाडीच्या चाकाला पिढ्यान्‌पिढ्या हेच. पण ते कडं जाड असतं. हे पातळ, परक्या पोलादाचं.

"वाकडं झालं तर?" दादानं विचारलं.

"तर काय. कंपनीला पत्र घालू. इंदी लिहील इंग्रजीत." आप्पा बेफिकीर होते. "एवढी मोठी कंपनी. एक कडं धाडायला त्यांना काय जड हाय?"

अख्ख्या जगात ते कडं बनवणारं कुणी उरलं नव्हतं, आणि ते अंगणात फक्त मला माहीत होतं. मी तोंड उघडलं. आप्पांनी तोवर शेणींना काडी लावली होती.

शेणी गोल रचल्या होत्या, कडं मध्ये. धूर निघाला, मग धूर विरला आणि नुसता निखारा राहिला. आप्पा कड्याच्या रंगाकडे बघत होते. घड्याळ नाही, माप नाही. आई पाण्याच्या दोन घागरी घेऊन उभी, तिला कुणी सांगितलं नव्हतं. तीस वर्षं ती तिथंच उभी राहत आली होती. कड्याचा काळा रंग गेला, जांभळट झाला, कडेला किंचित लाली आली.

"उचला."

दादानं आणि आप्पांनी सांडशीनं कडं उचलून दगडी चकतीवर ठेवलं. आप्पांनी आऱ्यांची टोकं एकेक करून भोकांत घातली, सरासर, मोजल्यासारखी. टोकं चुरचुरली, बाभळीचा जळका वास आला. बाराच्या बारा आरे मधोमध छपरासारखे उंच उभे राहिले, बुंध्याला बुंधा लागून. आप्पांनी मोठी मोगरी उचलली. त्यांची पाठ वाकलेली असायची, ती त्या वेळी सरळ झाली.

एकच घाव. छप्पर खाली बसलं. आरे सपाट झाले, थाळीच्या जागेवर, केस जाईल एवढी फट राहिली नाही.

"पाणी!"

आईनं घागर ओतली. एवढा मोठा फुस्कारा आला की मला काही दिसेना, सगळीकडे वाफ. आणि त्या वाफेतून चाक बोलायला लागलं. कट्‌, कट्‌, कट्‌, आकसणारं लोखंड एकेका आऱ्याला कवळत होतं. बारा वेळा. मी मोजले. वाफ निवळली तेव्हा आप्पा चाकावर वाकले होते आणि एकेका आऱ्यावर टिचकी मारून कान देत होते. बाराही आऱ्यांचा आवाज एक होता. पाच तिकडच्या माणसाचे, सात इकडच्या. कुठले कुणाचे, डोळे मिटून सांगता आलं नसतं.

कडं सरळ होतं. मी घरात जाऊन मोरीत थोडा वेळ बसून आले.

दुपारी चाक टेम्पोत चढलं. आप्पा रिकाम्या हातांनी कडुलिंबाखाली बसले आणि म्हणाले, "वाच." मी पुन्हा शेवटचं पान उघडलं आणि त्या कोपऱ्यातल्या म्हाताऱ्याला एक नात दिली.

रविवारी दहाच्या सुमाराला मोटारीचा भोंगा ऐकू आला. अख्खं गाव रस्त्यावर. निळीशार लांब मोटार, पितळेचे दिवे, आत मागच्या सीटवर डॉक्टरांच्या आई, नऊवारीत, अंगठ्याएवढ्या वाटाव्यात एवढ्या बारीक. डॉक्टर वाडीला जाताना मुद्दाम आमच्याकडून आले होते.

"या, बसा," आजी आप्पांना म्हणाल्या.

"नको आईसाब. मी बाजूनं येतो."

मोटार हळू निघाली आणि आप्पा तिच्या शेजारून चालायला लागले, वाकून, मान चाकाकडे. वेशीपर्यंत ते तसेच गेले. पोरं ओरडत होती, कुत्री भुंकत होती. आप्पांना त्यातलं काही ऐकू येत नव्हतं. आरे फिरताना आधी दिसत होते, मग एकमेकांत मिसळले, मग नुसती एक धुरकट थाळी फिरत राहिली. वेशीबाहेर मोटारीनं वेग घेतला, आणि ते सरळ उभे राहून ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिले. परत आले तेव्हा त्यांच्या डोळ्यांत धूळ गेली होती, असं ते म्हणाले.

अंगणात कदम ट्रॉलीवाले खुर्चीवर बसले होते. आईनं त्यांना चहा दिला होता. दादा उभाच होता.

"आप्पा," दादा म्हणाला, "आज सांगायचंय. तुमीच म्हणालात न्हवं, टिकली माणसं. गाडं सोडलं, मोटार धरली, आज बघा, तीन-तीन कारखानं..."

आप्पांनी माझ्याकडे हात केला. "ते पुस्तक दे."

मी दिलं. त्यांनी शेवटचं पान काढलं, अंगठ्यानं चाचपलं. "ह्याच्या म्होरं काय हाय गं?"

"पुठ्ठा," मी म्हणाले.

"मग शुक्रवारी आणि काल काय वाचलंस?"

मी वेणीचं टोक बोटाला गुंडाळायला लागले.

"चार दिवस पान उलटल्याचा आवाज येत हुता. दोन दिवस न्हाई आला." त्यांच्या आवाजात राग नव्हता. "कवा बंद पडली कंपनी?"

"सहासष्टला."

"म्हंजे?" दादा म्हणाला. "म्हंजे बंद... इंदे?" त्याचा चेहरा असा झाला की मला बघवेना.

"आणि त्यो म्हातारा?" आप्पांनी विचारलं. "कोपऱ्यातला?"

"तो नव्हता, आप्पा."

"चांगला हुता," आप्पा म्हणाले. त्यांनी पुस्तक मिटून, धोतरानं पुसून माझ्या हातात दिलं. मग छपरीकडे गेले. आम्ही सगळे तिथंच. पहिल्या चाकाच्या आऱ्यावर त्यांनी टिचकी मारली, आणि तो घुमतो तसा घुमला.

"कदमसाहेब, किती जागा लागंल तुमास्नी?"

कदम उठले. "सगळी लागंल, आप्पा. पण ही चाकं अथणीच्या पार्टीची हाईत म्हणं. ती कवा नेणार?"

दादा जमिनीकडे बघत होता.

"नेत्याल की," आई घाईघाईनं म्हणाली. तिनं कदमांची कपबशी उचलली. "आता पावसाळा सरला की नेत्याल. सांगावा आलाय त्यांचा. मुलीचं बाळंतपण..."

"न्हाई गं," आप्पा म्हणाले. ते आमच्याकडे वळले नव्हते. हात चाकावरच होता. "अथणीला मलगोंडा म्हणून कुणी न्हाई. कवाच नव्हता."